दिवसभर उभं राहणाऱ्यांचा सोल: पारखायचा कसा, घरी बसवायचा कसा

चप्पल-बूट घेताना बहुतेक जण एकच परीक्षा घेतात: सोलमध्ये अंगठा रुतवून बघतात. अंगठा आत गेला की चेहरा खुलतो. मी इनसोल (बुटाच्या आत पायाखाली बसणारा तळ) आणि सोल कापायचं काम करते, त्यामुळे हा अंगठा रोज पाहते. दोन सेकंदांच्या त्या दाबण्यातून आठ तासांच्या उभं राहण्याबद्दल काहीही कळत नाही. साठ किलोंचा माणूस दुपारपर्यंत उभा राहिला की तोच मऊ फोम टाचेखाली चपटा होतो, आणि पाय खालच्या कडक थरावर जाऊन टेकतो.

"ताई, अजून मऊ काही नाही का?" असं विचारणाऱ्यांत नर्स असतात, शिक्षिका असतात, केस कापणारे असतात, ओट्यापाशी उभं राहणाऱ्या बायका असतात. तक्रार खरी असते. तळव्यांची आग होते, पोटऱ्या भरून येतात, रात्री पाय कुठे ठेवू असं होतं. उत्तर मात्र ते मऊपणात शोधतात, आणि तिथे ते अर्धंच सापडतं. कोरड्या वाळूत दहा मिनिटं उभं राहून बघा. वाळू मऊच असते, तरी पोटऱ्या बोलायला लागतात, कारण पाय सारखा तोल सावरत असतो. जाड, लुसलुशीत सोलवर हेच घडतं, फक्त इतकं सावकाश की दोष सोलचा आहे हे लक्षात येत नाही.

माझं मत सरळ आहे. मऊपणा वरच्या तीन मिलिमीटरांत पुरे. त्याखाली घट्ट थर हवा, आणि त्या घट्ट थराला पायाचा आकार हवा.

वजन कुठे उतरतं

अनवाणी उभं राहिल्यावर वजन तळव्यावर सारखं पसरत नाही. संशोधक पीटर कॅव्हनाघ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत साधारण ६० टक्के भार टाचेवर, २८ टक्के चवड्यावर, ८ टक्के मधल्या भागावर आणि जेमतेम ४ टक्के बोटांवर आढळला. आता हिशोब करा. साठ किलोंच्या माणसाच्या एकेका पायावर तीस किलो येतात, आणि त्यातले अठरा किलो एकटी टाच उचलते. टाचेखाली चरबीची गादी असते, दीड-दोन सेंटीमीटर जाड, बारीक कप्प्यांत बांधलेली. वयाबरोबर तिची लवचीकता जाते, काहींची ती पातळही होते. आणि टाच असं राबत असताना कमानीखालची जागा जवळजवळ रिकामी असते.

सोलची सगळी कारागिरी या रिकाम्या जागेत आहे. भार कमी करता येत नाही, पण टेकायची जागा वाढवता येते. कमानीखाली पायाला हलका आधार मिळाला की टाच आणि चवडा दोघांचाही भार उतरतो. म्हणून मी आधी आकार बघते, मग सामान. साध्या फोमचा नीट आकार दिलेला इनसोल महागड्या सपाट इनसोलपेक्षा बरा, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या कॉनराड बिर्केनस्टॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सपाट फर्म्याऐवजी (ज्यावर बूट घडवतात तो ठोकळा) पायाच्या वळणाचा फर्मा बनवला. त्या घराण्याची बुचाच्या तळाची सँडल आली ती १९६३ मध्ये. बुचाचा तळ हातात घेऊन बघा. अंगठ्याला तो कडक लागतो, पण त्यात टाचेची वाटी आहे, कमानीचा उंचवटा आहे, बोटांखाली छोटी वरंबी आहे.

पोटरीचं गणित वेगळं आहे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि शिरांतलं रक्त वर ढकलतात. ताटकळत उभं राहिलं की हा पंप थांबतो. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो, आणि चालायला लागलं की तो ३० च्या आसपास उतरतो. संध्याकाळी पाय सुजतात, मोज्याचा वळ उठतो, त्याचं मूळ इथे असतं. कोणताही सोल रक्त वर चढवत नाही. सोलने घोटा अडवू नये आणि माणसाला जागच्या जागी पुढेमागे झुलता यावं, एवढंच त्याच्याकडून मागा. बाकीचं काम तुमचं: दर काही मिनिटांनी टाचा उचला, वजन या पायावरून त्या पायावर घ्या, वीतभर उंचीच्या पाटावर आळीपाळीने एकेक पाय ठेवा.

आहे तो बूट आधी तपासा

इनसोल कितीही चांगला केला तरी खालचा बूटच लेचापेचा असेल तर सगळी मेहनत पाण्यात. तीन गोष्टी हातानेच कळतात.

बूट टाच आणि टोक धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, म्हणजे जिथे बोटं वाकतात तिथे. मधोमध दुमडणारा बूट बाजूला ठेवा. चांगल्या बुटात टाच आणि चवडा यांच्यामध्ये शँक म्हणून एक ताठ पट्टी घातलेली असते, पोलादाची, फायबरची किंवा प्लास्टिकची. ती नसली की बुटाचा मधला भाग खचतो आणि पायाच्या कमानीला पूल व्हावं लागतं. मग ओला कपडा पिळतात तसा बूट पिळून बघा. थोडा पीळ चालेल, पूर्ण पिळला गेला तर नको. शेवटी टाचेमागची भिंत दोन बोटांत दाबा. ती ताठ हवी. टाचेची चरबी बाजूला पसरू न देणं हे तिचं काम आहे.

याशिवाय जुना बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल, सोल आतून किंवा बाहेरून जास्त झिजला असेल, तर त्यात नवा इनसोल घालू नका. तिरप्या सोलवर सरळ इनसोलही तिरपाच बसतो.

मापाबद्दल थोडक्यात. पाय संध्याकाळी मापा, तेव्हा तो दिवसातला सर्वांत मोठा असतो. उभं राहून, दोन्ही पाय वेगवेगळे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटीमीटर जागा हवी. पण बोटांपेक्षा महत्त्वाचं माप टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं आहे. १९२० च्या दशकात चार्ल्स ब्रॅनॉक यांनी केलेलं पाय मापायचं धातूचं यंत्र हे दुसरं मापही घेतं, आणि त्यामागे कारण आहे. आखूड बोटांचा पाय आणि लांब बोटांचा पाय एकाच लांबीचे असू शकतात, पण त्यांचा वाकायचा सांधा वेगळ्या जागी येतो. सांधा आणि बुटाचं वाकायचं ठिकाण जुळलं नाही तर कमानीचा उंचवटा भलतीकडे टोचतो, आणि लोक म्हणतात, "मला आर्च सपोर्ट सोसत नाही."

इनसोल घरी करायचा तर

सामान असं: ३ मिलिमीटर जाडीची मऊ ईव्हीए शीट (ईव्हीए म्हणजे सोलसाठी वापरतात तो हलका फोम), ४ मिलिमीटरची मध्यम घट्ट ईव्हीए शीट, रबर सोल्यूशन, धारदार कटर, ८० आणि १५० नंबरचा सँडपेपर, मार्कर आणि एक जुनी लिपस्टिक. फोमचा कडकपणा शोअर ए या मोजपट्टीवर सांगतात. वरच्या थराला २० ते २५, खालच्याला ३५ ते ४० चालतो. बाहेरचा रबरी सोल साधारण ५५ ते ६५ असतो, म्हणजे अंदाज येईल. मोजायचं यंत्र नसलं तर शीट चिमटीत धरा. मऊ शीट निम्मी दबते, मध्यम जेमतेम दबते.

मेमरी फोम घेऊ का, हे सगळेच विचारतात. तो १९६६ मध्ये नासाच्या संशोधनातून निघाला, विमानातल्या आसनांसाठी. बसण्यासाठी चांगला आहे. उभं राहण्यासाठी त्यात दोन अडचणी आहेत: टाचेखाली तो तळ गाठतो, आणि उष्णतेने सैल पडून थंडीत आखडतो. वर दोन मिलिमीटरचं अस्तर म्हणून ठीक, पाया म्हणून नाही. जेलची तर मला मुळीच आवड नाही. जड असतं, आणि चवड्याखाली सरकतं.

आता कृती. बुटातला मूळ इनसोल बाहेर काढा. निघत नसेल तर त्या बुटात नवा जाड इनसोल बसवायचा विचार सोडा, टाच वर उचलली जाऊन बाहेर निसटेल. काढलेला इनसोल हाच तुमचा साचा. पाय कागदावर ठेवून बाह्यरेषा काढू नका. इनसोल बुटात बसायचा आहे, त्यामुळे त्याची कड बुटाची हवी, आणि पायाची वळणं आत हवीत. जुन्या इनसोलवर टाचेचा, चवड्याचा आणि बोटांचा काळपट ठसा असतोच. तो मार्करने गिरवून घ्या, पुढे कामाला येईल.

मध्यम शीटमधून खालचा पाया कापा, पण पूर्ण लांबीचा नाही. टाचेपासून चवड्याच्या हाडांच्या जरा मागेपर्यंत, म्हणजे साधारण दोन तृतीयांश. पुढची कड सँडपेपरने घासत घासत कागदाइतकी पातळ करा. इथे घाई करू नका. कडेची पायरी राहिली तर ती दुसऱ्याच दिवशी पायाला सापडते. पाया पूर्ण लांबीचा केला तर बोटांची जागा जाते, बूट पुढे घट्ट होतो आणि नखं दुखायला लागतात.

टाचेची वाटी ही या कामातली सर्वांत उपयोगाची गोष्ट, तरी घरी करणारे ती हमखास टाळतात. मध्यम शीटच्या बोटभर रुंद पट्ट्या इंग्रजी यू अक्षराच्या आकारात कापा आणि या खालच्या थराच्या मागच्या कडेने एकावर एक अशा दोन चिकटवा. वाळल्यावर आतली बाजू उताराने घासा, म्हणजे टाच उतारावरून घसरून मध्यभागी बसेल. बाहेरची बाजू बुटाच्या भिंतीला टेकेल एवढीच घासा. मग मधोमध, टाचेचं हाड टेकतं तिथे, दोन बोटं रुंद गोल जागा दीड-दोन मिलिमीटर खोल खरवडून काढा. वर मऊ थर आला की तिथे आपोआप थोडी जास्त गादी मिळते. चरबी बाजूला पळत नाही, आणि स्वतःच्याच चरबीपेक्षा चांगला फोम अजून मी पाहिलेला नाही.

कमानीला आता हात घालू. पायाच्या आतल्या घोट्याच्या खाली, जरा पुढे एक हाड बोटाला लागतं. कमानीचा सर्वांत उंच बिंदू त्याच्या खाली यायला हवा. लोक तो पुढे, चवड्याजवळ ठेवतात, कारण डोळ्याला पोकळी तिथे दिसते. मध्यम शीटच्या अर्धचंद्राकृती चकत्या कापा: पहिली मोठी, तिच्यावर लहान. आतल्या कडेला जाड आणि पायाच्या मध्याकडे शून्य होईल असा उतार द्या. उभं राहून कमानीखाली बोट घालून बघा, किती पोकळी आहे. निम्मी भरा. पूर्ण भरू नका.

पूर्ण का नाही, याला शरीररचनेचं कारण आहे. पायाच्या तळाला टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. चालताना बोटं वर वळली की हा पट्टा चवड्याच्या हाडांभोवती ओढला जातो आणि कमान उचलली जाते. १९५४ मध्ये हिक्स नावाच्या संशोधकांनी हे नीट मांडलं. म्हणजे कमान ही हलणारी गोष्ट आहे. खाली कडक खुंटी ठोकली तर ती खाली येताना त्या खुंटीवर आपटते. पाय टेकला आहे एवढंच जाणवावं, ढकलला जातोय असं वाटलं तर एक चकती काढा. सपाट पायवाल्यांनी तर एकाच पातळ चकतीने सुरुवात करावी. उंच कमान दिली की पाय सुधारेल, असा त्यांचा समज असतो, आणि चार दिवसांत इनसोल कपाटात जातो.

चवड्याखाली खडा आल्यासारखं दुखत असेल तरच पुढची पायरी करा, नाहीतर सोडा. दुखणाऱ्या हाडाखालच्या कातडीला लिपस्टिक लावा, बुटात पाय घालून उभं राहा, चार पावलं चाला. इनसोलवर ठिपका उमटेल. आता थेंबाच्या आकाराचा, मध्ये पाच-सहा मिलिमीटर उंच आणि कडांना पातळ असा उंचवटा करा आणि तो ठिपक्याच्या मागे, टाचेकडच्या बाजूला चिकटवा. त्याची पुढची कड ठिपक्यापासून अर्धा ते एक सेंटीमीटर मागे राहिली पाहिजे. ठिपक्यावरच लावला तर दुखणं वाढतं, कारण हाडाखाली आणखी एक खडा ठेवला जातो. मागे लावला की तो हाडांच्या मानेला उचलतो आणि त्यांची डोकी, म्हणजे पुढची गोल टोकं, मोकळी होतात. आधी दुहेरी टेपने चिकटवून दोन दिवस वापरा, जागा पटली की मग सोल्यूशन.

सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावा, त्याआधी दोन्ही सँडपेपरने खरखरीत करून घ्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा, हाताला चिकटेनासं झालं की मगच जोडा. ओलं असताना जोडलं तर सुटतं. जोडताना एका टोकाकडून सुरू करा, कारण एकदा टेकलं की सरकवता येत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको.

वर ३ मिलिमीटरचा मऊ थर, हा मात्र पूर्ण लांबीचा. घाम फार येत असेल तर त्यावर पातळ कापडी किंवा कातडी अस्तर लावा.

पहिल्या दिवशी तासभर वापरा, मग रोज थोडं वाढवा. पायाला नवी जागा टेकायची सवय नसते, कमानीत हलकी ओढ वाटते, ती आठवड्याभरात जाते. गुडघा किंवा कंबर दुखायला लागली तर थांबा. एकाच पायाचा इनसोल करून दुसरा जुना ठेवू नका, पायांच्या उंचीत फरक पडतो.

टाच किती उंच

पूर्ण सपाट बूट नैसर्गिक म्हणून विकला जातो. ज्याला सवय आहे त्याने घालावा. पण आखडलेल्या पोटरीच्या माणसाला दिवसभर सपाट उभं केलं की टाचेमागचा स्नायूबंध ताणलेलाच राहतो. बुटाची टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे, या फरकाला ड्रॉप म्हणतात. उभ्या कामासाठी ६ ते १० मिलिमीटर ड्रॉप बहुतेकांना सोसतो. त्याहून बरीच उंच टाच झाली की पोटरीला तात्पुरतं बरं वाटतं, पण भार पुढे घसरून चवड्यावर जातो. वर सांगितलेला पाया टाचेखाली चार मिलिमीटर वाढवतोच, तेव्हा आधीच दहा-बारा मिलिमीटर ड्रॉप असलेल्या बुटात त्याचा मागचा भाग घासून पातळ करा.

टाचेची रुंदी उंचीइतकीच बघा. तळाशी किंचित रुंद होत जाणारी टाच माणसाला स्थिर उभं करते. अरुंद टाचेवर घोटा दिवसभर तोल सावरतो, आणि त्याची किंमत पोटरी आणि नडगी देतात.

आता गोलाई. बुटाचं टोक जमिनीपासून किंचित वर उचललेलं असावं आणि सोल चवड्याच्या मागेच वळायला लागावा, म्हणजे टाचेकडून मोजलं तर बुटाच्या लांबीच्या ६० ते ६५ टक्क्यांवर. अशा सोलला रॉकर म्हणतात. पाऊल त्यावरून पुढे लोटलं जातं, अंगठ्याचा सांधा कमी वाकतो, चवडा लवकर मोकळा होतो. अंगठ्याचा सांधा धरलेल्यांना याचा सर्वांत जास्त फायदा. मात्र रॉकर ताठ सोललाच शोभतो. मऊ सोलला गोलाई दिली तर तो वजनाखाली सपाट होतो आणि गोलाई फक्त कपाटात दिसते. मोचीकाका बाहेरच्या सोलचं टोक यंत्रावर घासून थोडा रॉकर देऊ शकतात, सोल जाड असला तर. त्याच वेळी टाचेची मागची खालची कडही तिरकी घासून घ्या. पाऊल टेकताना बसणारा झटका त्याने सौम्य होतो.

रॉकर आणि मुद्दाम डगमगता केलेला सोल यांत गल्लत करू नका. डगमगत्या सोलने चालता चालता पाय घोटीव होतात, वजन उतरतं, अशा जाहिराती एके काळी जोरात होत्या. अमेरिकेत २०१२ मध्ये स्केचर्स कंपनीने अशा दाव्यांच्या प्रकरणात ४ कोटी डॉलर भरून तडजोड केली. तोल कमी असलेल्या वयस्कर माणसांना तर उंच रॉकरही देऊ नका.

घरातल्या चपला

दिवसभराच्या बुटाचा एवढा विचार करून माणूस घरी येतो आणि झिजून पापुद्रा झालेल्या चपला घालून आणखी तीन तास फिरतो. पाय विसावायची वेळ खरं तर तीच. मागे पट्टा नसलेली सैल चप्पल पायात टिकवायला बोटं आवळावी लागतात, प्रत्येक पावलाला. नडगीचे स्नायू त्यात दमतात. घरासाठी हवी ती चप्पल अशी: तळाला टाचेची खोल वाटी, कमानीला हलका उंचवटा, चवड्याखाली ताठपणा, आणि वर रुंद, कमी-जास्त करता येणारा पट्टा जो पायाचा वरचा भाग धरेल. पट्टा नीट धरला की बोटं मोकळी सुटतात. चालून बघा, बोटं आवळली जातात का ते खाली पाहूनच कळेल. धावणाऱ्या लोकांसाठी निघालेल्या एकसंध जाड फोमच्या चपलांत वाटी, रॉकर, हलकेपणा सगळं असतं, पण घेताना टाचेपाशी दाबून बघा. हो, अंगठ्यानेच. इथे मात्र उलटी परीक्षा: अंगठा सहज रुतला तर नको.

हलकेपणाचंही महत्त्व आहे. धावण्याच्या अभ्यासांत बुटाचं वजन दर पायामागे १०० ग्रॅम वाढलं की ऑक्सिजनचा खर्च सुमारे एक टक्का वाढतो असं दिसलं आहे. उभ्या माणसाला हा फरक जाणवणार नाही, पण वॉर्डभर फिरणाऱ्या नर्सताईंना संध्याकाळी नक्की जाणवतो.

घरी इनसोल करू नये असे पाय

मधुमेह असेल आणि तळव्याची संवेदना कमी झाली असेल, तर वरचं काहीही स्वतः करू नका. ज्या पायाला टोचलेलं कळत नाही त्याला इनसोलची एक राहिलेली पायरी जखम करते. सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांबरोबर काम करताना हेच दाखवून दिलं: बोटं झडत नव्हती, वेदना न कळल्यामुळे झालेल्या जखमा ती नेत होत्या. बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला अशा पायांसाठी वापरल्या जातात, आणि त्या मापून, तपासून करायच्या असतात. डॉक्टरांकडे जा. सकाळी पहिल्या पावलाला टाचेत कळ येते आणि आठवड्यांनंतरही जात नाही, एकच पाय सुजतो, पोटरी एका जागी दुखते आणि गरम लागते, तरीही सोल नंतर, डॉक्टर आधी. शेवटच्या लक्षणात तर त्याच दिवशी जा, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

सोल संपला हे कसं ओळखायचं

ईव्हीए झिजत नाही, दबतो. वरून बूट नवा दिसतो आणि आत त्याची उंची गेलेली असते. मिडसोलच्या, म्हणजे सोलमधल्या फोमच्या थराच्या, बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या की तो गेला. दोन जोड आलटून पालटून वापरले तर फोमला वर यायला आणि घाम वाळायला वेळ मिळतो, म्हणून एक भारी जोड घेण्याऐवजी दोन मध्यम घ्या असं मी सांगते. इनसोल बाहेर काढून रात्री उभा ठेवा. उन्हात नको, ईव्हीए आकसतो.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दाबाला जास्त टिकतो, पण त्याचं दुखणं वेगळं. हवेतल्या ओलाव्याने तो आतून तुटत जातो, न वापरतासुद्धा. लग्नकार्यासाठी जपून ठेवलेला बूट काही वर्षांनी बाहेर काढावा आणि सोल चिकट होऊन तुकडे पडावेत, हे त्यामुळे होतं. जुना पीयूचा बूट बाहेर घालून जाण्याआधी सोलच्या कडेला नख रोवून बघा. भुगा निघाला किंवा खड्डा तसाच राहिला तर तो मोचीकाकांकडे नव्या सोलसाठी द्या. वरचं कातडं चांगलं असेल तर तेवढा खर्च करण्यासारखा असतो.